कोजीच्या तबकाने ऐकलेला खोकला

मित्रांनो, मी कोजी लावायचे एक जुने लाकडी तबक आहे आणि माझ्यावर एक आळ आहे. मला तोंड असते तर त्याच दिवशी मी तो झटकून टाकला असता. आता पंचवीस वर्षे काचेच्या पेटीत पडून आहे. तुम्ही शाळेच्या रांगेत इथून पुढे सरकता, माझ्याकडे पाहता न पाहता तलवारीच्या खोलीकडे धावता. आज थोडे थांबा.

माझा जन्म उत्तर जपानमधल्या अकिता भागातल्या एका डोंगराळ गावचा. डोंगरावर देवदाराच्या जातीची सरळसोट झाडे होती. त्यांतल्या एका पडलेल्या झाडापासून गावच्या सुताराने आम्हा बेचाळीस भावंडांना घडवले. माझा तळ करवतीने कापलेला नाही, फळी फोडून काढलेला आहे. त्यामुळे लाकडाच्या रेषा वर उठून राहतात आणि तांदळाखाली ओल साचत नाही. सुताराने आम्हाला ओनोदेरांच्या घरी पोचवले. घरधनी किहाची यांनी एकेकाला उचलून पाठीवर बोटे फिरवली, तळाचा वास घेतला आणि "चांगली आहेत" एवढेच म्हणाले. तेवढ्या दोन शब्दांवर मी कितीतरी वर्षे काढली.

ओनोदेरांचे काम कोजीचे. दह्याला विरजण लागते, तशी मिसोला, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या खारट लगद्याला, कोजी लागते. तांदूळ वाफवायचा, कोमट झाला की त्यावर एका चांगल्या बुरशीची हिरवट पूड चाळणीने भुरभुरायची आणि तो आमच्या पाठीवर पसरायचा. मग आम्हाला ऊबखोलीत एकावर एक रचत. त्या खोलीच्या भिंतींत भाताचे तूस भरलेले होते. बाहेर छपरापर्यंत बर्फ साचले, तरी आत जेठातल्या दुपारसारखे उकडायचे. दोन दिवसांत तांदळावर पांढरी लव येई आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखा गोड वास सुटे. आम्हाला सारखे वरचे खाली, खालचे वर करावे लागे, नाहीतर कोजी तापून बिघडते. हे काम हातांचे. किहाचींच्या हातांना ते डोळे मिटूनही कळायचे.

गावातल्या बायका आपल्या घरचा तांदूळ घेऊन येत आणि त्याची कोजी करून नेत. ओनोदेरांच्या कोजीचा मिसो तीन वर्षे टिकतो, असे त्या म्हणत. त्यांचे हे बोलणे ऐकताना आम्हा बेचाळीस जणांना वाटे की हे आपलेच कौतुक आहे.

किहाची खोकत. मी पहिल्यापासून तो खोकला ऐकला. ऊबखोलीतून बाहेर आले की ते दाराला हात टेकून उभे राहत आणि छातीतून शिटीसारखा आवाज येई. मग मोठी उबळ येई आणि ते मागच्या अंगणात जाऊन बर्फावर थुंकत. एकदा आम्हाला धुऊन त्याच अंगणात वाळत घातले होते, तेव्हा मी पाहिले. पांढऱ्या बर्फावर तपकिरी, चिकट, रबरासारखे खडे पडले होते. त्यांचा मुलगा बुन्साकु तेव्हा विशीत होता. त्यानेही ते पाहिले. किहाचींनी पायाने त्यावर बर्फ ओढले आणि मुलाला म्हणाले,

"हा कोजीचा खोकला. आपल्या धंद्यात असतो तो. बाहेर बोलायचा नसतो."

बुन्साकुने मान हलवली. त्या एका मान हलवण्याने पुढे काय काय झाले, ते मला आज मोजता येते. तेव्हा काही वाटले नव्हते. चार हिवाळ्यांनंतर किहाची गेले. न्यूमोनियाने गेले, असे सगळे म्हणाले.

ते जाण्याआधीच मित्सुए या घरात सून म्हणून आली होती. ती बावीस वर्षांची होती. तिचे माहेर नदीपलीकडे, सफरचंदाच्या बागेतले. कोजीचे तिला काहीही ठाऊक नव्हते. पण पहिल्याच हिवाळ्यात तिने तांदळाची ढेकळे अशी हलक्या बोटांनी फोडली की म्हातारे किहाची नुसते पाहत राहिले. सासऱ्याने सुनेला शिकवायचे आणि मुलाने भट्टीवर बसायचे, अशी त्या घराची वाटणी आपोआप झाली. बुन्साकुला त्याचे वाईट वाटले असेल. तो कधी बोलला नाही. त्या घरात न बोलण्याला फार किंमत होती.

मित्सुए आमच्याशी बोलायची. खोलीत एकटी असली की प्रत्येक तबकाला हात लावून, "तुला गार लागतंय का? थांब, तुला वर घेते," असे म्हणायची. किहाची गेल्यावर दहा वर्षे तिने ती खोली एकटीने सांभाळली. कोजी पहिल्यापेक्षाही चांगली निघू लागली. लोक मात्र "बुन्साकुने बापाचं नाव राखलं," असे म्हणत. ती हसून चहा ओतत असे.

मग तीही खोकू लागली.

तिचे वय तेव्हा चौतीस असावे. आधी पहाटे छातीतून शिटी यायची. मग आमचा एक थर उचलला की तिला बसावे लागायचे. ताप येत-जात राहिला. गावच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. त्यात पांढरे डाग दिसले. डाग म्हटल्यावर त्या काळी सगळ्यांच्या मनात एकच नाव यायचे. क्षय.

तिची सासू सोनोबाई कोठारात येऊन शेजारणीला मोठ्याने सांगत होत्या, अगदी मित्सुए भांडी घासत असलेल्या हौदापर्यंत ऐकू जाईल असे. "आमच्या घराण्यात छातीचं दुखणं नव्हतं बाई कधी. हिनं माहेरून आणलं. हुंड्याची पेटी रिकामी होती म्हणतात ना, ती अशी भरलेली होती."

बुन्साकु तिथेच पोती लावत होता. तो एवढेच म्हणू शकला असता, की आई, बाबांनाही हाच खोकला होता. त्याने एक पोते उचलून दुसऱ्यावर ठेवले.

मित्सुएला वर्षभर मागच्या वेगळ्या खोलीत ठेवले. तिचा वाडगा वेगळा, चॉपस्टिक वेगळ्या. सात वर्षांची मुलगी साची उंबऱ्याबाहेर उभी राहून शाळेत काय झाले ते आईला सांगायची. आत यायची तिला बंदी होती. हे सगळे मी कोठारातल्या भिंतीला टेकून ऐकत होते, कारण ती खोली आमच्या भिंतीपलीकडेच होती. आईला हात लावायचा नाही म्हणून ती पोर दाराच्या चौकटीला हात लावून बोलायची. चौकट कुरकुरायची, त्यावरून मला कळायचे.

त्या वर्षात मित्सुएचा खोकला उतरला. क्षयाच्या गोळ्यांनी उतरला, असे सगळे म्हणाले. ती ऊबखोलीत परत आली. मी तिच्या हातात आले, तेव्हा ते हात बारीक झालेले होते. महिनाभरात शिटी परत आली. मग तपकिरी खडे पडू लागले. गावात बोलले गेले की हिचा क्षय उलटला, आता ही काही राहत नाही.

मित्रांनो, मला तोंड हवे होते ते त्या दिवसांत.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात कुदो नावाच्या एक तरुण डॉक्टरीणबाई नव्याने आल्या होत्या. मित्सुएला तिथे नेले. परत आल्यावर तिने बुन्साकुला सारे सांगितले, तेव्हा कोठारात ती माझ्यावरच्याच तांदळाची ढेकळे फोडत होती, म्हणून मला शब्दन् शब्द माहीत आहे. डॉक्टरांनी फोटो पाहायच्या आधी तिला विचारले होते, दिवसभर तुमचे हात कशात असतात? आजवर कोणी हे विचारले नव्हते. ती म्हणाली, कोजीत. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली.

थुंकी तपासली तर तिच्यात बुरशी वाढली. प्रयोगशाळेतल्या माणसाने ती हवेतून पडली असेल म्हणून फेकायला काढली होती. डॉक्टरांनी ती परत मागवली. ती कोजीचीच बुरशी होती.

तिला क्षय नव्हताच. बुरशी फुप्फुस खातही नव्हती. काही माणसांचे शरीर त्या बारीक पुडीवर रागावते. पूड श्वासाबरोबर आत जाते, तिथल्या कफात रुजते आणि शरीर रागाने स्वतःच्याच श्वासनळ्या सुजवून घेते. कफाचे खडे होऊन नळ्या बुजतात. वेळीच ओळखले नाही तर त्या कायमच्या सैल पडतात. कोजी खाणाऱ्याला यातले काही होत नाही. आणि कोजी लावणाऱ्या सगळ्यांनाही होत नाही, एखाद्यालाच होते. पुस्तकात हा आजार विरळा म्हणून दिलेला आहे.

"एखाद्यालाच," मित्सुए म्हणाली. मग तिने हात थांबवून नवऱ्याला विचारले, "अहो, मामंजी खोकायचे ते असंच होतं का हो?"

"त्यांचा म्हातारपणचा दमा होता," बुन्साकु म्हणाला.

ज्या अंगणात त्याने ते खडे पाहिले होते, ते अंगण कोठाराच्या खिडकीतून दिसत होते. तिने विश्वास ठेवला. नवऱ्यावर कोण विश्वास ठेवत नाही?

कुदो डॉक्टरांच्या नव्या गोळ्यांनी मित्सुएला श्वास परत मिळाला. त्या औषधाने तोंड सुजून भोपळ्यासारखे झाले, पण ती जिना न थांबता चढू लागली. डॉक्टरांनी तिला ऊबखोलीत जाणे बंद करायला सांगितले होते. ती दाराबाहेर बसून आत कामाला ठेवलेल्या नव्या बाईला सांगायची, डावीकडचा तिसरा थर तापलाय बघ, वासावरून कळतंय. तिचे ओठ झाकलेले असायचे आणि हात मांडीवर रिकामे असायचे.

कुदो डॉक्टरांना एक प्रश्न छळत होता. हा आजार खरेच विरळा आहे, की कोणी विचारतच नाही म्हणून विरळा आहे? खोऱ्यात कोजीची सात घरे होती. वसंतात त्यांची वार्षिक बैठक ओनोदेरांच्या कोठारात भरायची, कारण बुन्साकु त्या वर्षी कोजीवाल्यांच्या मंडळाचा प्रमुख होता. डॉक्टरांनी बैठकीत दहा मिनिटे मागितली. नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून बुन्साकु हो म्हणाला.

आम्ही भिंतीला रचलेले होतो. डॉक्टर यायच्या आधी चहा चालला होता. मित्सुए किटली घेऊन फिरत होती. तिला मध्येच उबळ आली. खालच्या आळीतले इसाबुरो हे सत्तरीचे, तोंडाचे सैल म्हातारे. ते पेला पुढे करत म्हणाले,

"काय सूनबाई, सासऱ्याची गादी चालवतेस वाटतं. किहाचीदादा अगदी असाच खोकायचा. बर्फावर मिसो थुंकायचा बघ, तपकिरी खडेच्या खडे. बुन्सा, तुला आठवत असेल. तूच तर त्यावर फावड्यानं बर्फ टाकायचास."

सगळे हसले. बुन्साकु हसला नाही. मित्सुएच्या हातातली किटली हवेत थांबली आणि पेला भरून चहा चटईवर सांडू लागला, तरी तिने ती सरळ केली नाही.

तेवढ्यात डॉक्टर आल्या. त्यांनी साध्या भाषेत आजार समजावला. कोणाचेही दुकान बंद करायला मी आलेली नाही, असे दोनदा सांगितले. तोंडावर फडके बांधले, खोलीला वारा दिला, त्रास होणाऱ्या माणसाला दुसरे काम दिले, तर पुष्कळ भागते. मला फक्त मोजायचे आहे. तुमच्या घरांत असा खोकला किती जणांना आहे किंवा होता?

सगळ्यांनी प्रमुखाकडे पाहिले. बुन्साकु उठला. त्याने लवून नमस्कार केला.

"डॉक्टर, आमच्या धंद्यात असलं काही नसतं. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं कोजी लावली, त्यांना कधी काही झालं नाही. माझ्या बायकोचं दुखणं तिच्या माहेरचं आहे."

मित्सुए त्याच्यापासून चार हातांवर उभी होती. तिने किटली खाली ठेवली. फार हळू बोलली ती, पण कोठारात इतकी शांतता होती की शेवटच्या थरातल्या तबकालाही ऐकू गेले.

"मामंजींना होता. मला आहे. एका घरात दोघं झाले, डॉक्टर. बाकीच्या घरांतलं त्यांनी सांगावं."

डॉक्टरांनी वही उघडून वाट पाहिली. एकाही घराचा हात वर आला नाही. इसाबुरो आपल्या पायमोज्यांकडे पाहत होते. बैठक लवकर संपली. बाहेर पडताना गार वारा लागला आणि तिघांना उबळ आली. त्यांनी ती रुमालात दाबली. किहाची मेलेले, त्यांचा ना फोटो होता ना थुंकी. डॉक्टरांच्या वहीत सात घरांपुढे एकच आकडा पडला.

लोक गेल्यावर मित्सुए सांडलेला चहा पुसत म्हणाली, "वर्षभर माझी पोर दारातून बोलली माझ्याशी. तुम्हाला माहीत होतं."

बुन्साकु आम्हाला वरून खाली रचू लागला. आम्ही नीटच रचलेले होतो. "बायका तांदूळ आणायच्या बंद झाल्या असत्या," तो म्हणाला. "बाबांनी सांगितलं होतं, बोलायचं नाही म्हणून."

"मला पण सांगायचं नव्हतं?"

त्याने सर्वांत वरचे तबक उचलून पुन्हा तिथेच ठेवले.

मी त्याला नुसता वाईट म्हणत नाही, मित्रांनो. दर महिन्याला तो तिला बर्फातून अडीच तास गाडी हाकत रुग्णालयात न्यायचा. कितीही वादळ असो, एकदाही चुकला नाही. पण गाडी दोन गल्ल्या अलीकडे उभी करायचा, कारण गाडीच्या अंगावर ओनोदेरा कोजी असे लिहिलेले होते. मित्सुए तिथून चालत जायची. एकदा तिथल्या रांगेत तिला इसाबुरो भेटले. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. "मी दिसलो नाही असं समज, पोरी," ते म्हणाले. खिडकीवरच्या बाईने धंदा विचारला तेव्हा त्यांनी सुतार म्हणून सांगितले. सुताराला असतो तो दमा. म्हणून त्यांचाही आकडा पडला नाही.

बैठकीतली गोष्ट तरी खोऱ्यात पसरलीच. बायका कुजबुजू लागल्या. बुन्साकुला काहीतरी सांगणे भाग होते, आणि तेव्हा त्याने आमच्याकडे बोट दाखवले.

"लाकडाच्या फटींत वाईट बुरशी धरते," तो तांदूळ घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला सांगू लागला. "जुनी तबकं. त्यांनीच घात केला. आता आम्ही पोलादाचं यंत्र आणतोय, बघा कसं लखलखीत."

आमच्या फटींत काहीही नव्हते. आम्हाला दर खेपेला उकळत्या पाण्यात काढून उन्हात वाळवले जायचे, आणि ते बहुतेक वेळा तिच्याच हातांनी. पूड माझ्या पाठीवरून उडाली, हे मी नाकारत नाही. ज्या कोजीला मी अंगावर वाढवले, तिनेच त्या हातांच्या मालकिणीचा श्वास कोंडला, हे दुःख माझे मला पुरे आहे. पण बोललो नाही ते आम्ही लाकूड होतो म्हणून. ज्यांना तोंडे होती, ते का गप्प बसले?

एका दुपारी मागच्या अंगणात आम्हाला रचून पेटवले. देवदार चांगला जळतो. एकेचाळीस गेली. नगरपालिकेचा माणूस संग्रहालयासाठी एखादे जुने अवजार मागायला नेमका त्याच दिवशी आला, म्हणून सर्वांत वरचे मी उरले. मित्सुए धुरापासून दूर, रस्त्यावर उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होते. धुराचे म्हणायला ती फार लांब होती.

पुढचे मी इथूनच ऐकले. यंत्र आले, कोजी निघत राहिली, पण तीन वर्षे टिकणाऱ्या मिसोचे नाव पुन्हा कोणी काढले नाही. सोनोबाई गेल्या. त्या मित्सुएला शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत, पण शेवटच्या आजारात तिच्याच हातून पेज प्यायल्या. बुन्साकु थकला तेव्हा यंत्रासकट दुकान विकले गेले.

गेल्या शरदात एक वयस्क बाई माझ्या पेटीपुढे येऊन उभी राहिली. तोंडावर पांढरे फडके होते. केस पिकले होते. मी तिला हातांवरून ओळखले. तिने काचेला बोट लावले, जिथे माझी कड आहे तिथे. इथली देखरेख करणारी मुलगी लगबगीने आली. काचेला हात लावू नका, असे सांगायला आली होती, पण तो चेहरा बघून तिने विचारले,

"आजी, तुम्ही यातलं काम केलंय का?"

"चौदा वर्षं."

मुलीला आनंद झाला. पाटीवर फक्त कोजीचे तबक, देवदार, एवढेच होते. तुमची एखादी आठवण सांगा, मी पाटीवर घालते, असे ती म्हणाली आणि तिने वही काढली.

मित्सुए म्हणाली, "लिही, की हे काम करणाऱ्या काही माणसांना छातीचा आजार व्हायचा. तबकाचा दोष नव्हता. कोजीच्या पुडीनं व्हायचा आणि ते कोणी सांगायचं नाही."

मुलीची लेखणी अडखळली. "हो, मी वाचलंय त्याबद्दल. पण तो फार विरळा असतो ना, आजी? असे किती जण होते?"

"मला ठाऊक असलेले पाच. आमच्या घरातले दोघं, इसाबुरोंकडचे दोघं आणि वरच्या आळीतली एक जण. ती बिचारी क्षयाची म्हणूनच गेली." तिने काचेवरचे बोट उचलले. "डॉक्टरांच्या वहीत एक."

"मग खरा आकडा कोणता लिहू?"

"मोजू दिलं नाही, असं लिही."

मुलीने ते लिहून घेतले. वरिष्ठांना विचारते, म्हणाली. अजून पाटी बदललेली नाही. ती मुलगी मात्र रोज संध्याकाळी दिवे घालवण्यापूर्वी माझ्यासमोर थांबते, त्यामुळे मला थोडी आशा आहे.

मित्रांनो, तोपर्यंत तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. तुमच्या घरात कोणी खोकत असेल, मग तो पीठगिरणीत असो, गोठ्यात असो, कापसात असो की नुसता ओल धरलेल्या खोलीत झोपणारा असो, त्याच्याजवळ बसा. कधीपासून खोकतोस, ते विचारा. दिवसभर हात कशात असतात, ते विचारा. तो म्हणेल, काही नाही, असाच आहे.

तर दुसऱ्यांदा विचारा.